दस्त्याचे माप

दिवाळी जवळ आली की आमच्या बारामती-इंदापूरच्या बाजूला घरोघरच्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहू लागतात. पोरे ओढ्याकाठची माती आणतात, गोणपाट भिजवतात, बुरूज थापतात, आणि मग बाजारातून आणलेले मावळे जागोजागी मांडतात. कुणाच्या हाती ढाल-तलवार, कुणाच्या हाती भाला आणि बुरुजावरच्या एकदोघांच्या खांद्याला बंदूक. ही बंदूक जरा निरखून पाहा. तिचा मागचा लाकडी भाग रुंद, खाली झुकलेला आणि खांद्यात चपखल बसेल असा असतो. म्हणजे मावळा शिवकालातला आणि बंदूक मात्र साहेबाच्या पलटणीतली! मुलांच्या खेळात एवढे चालावयाचेच. पण बंदुकीच्या ह्या मागच्या तुकड्याची हकीकत मोठी मौजेची आहे, आणि नुसती मौजेचीच आहे असेही नाही. यंदाच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढे ठेवावी असे मनात आहे.

ह्या तुकड्याला दस्ता म्हणतात. कुणी कुंदाही म्हणतात. गोळी सुटते ती नळीतून आणि सोडतो तो चाप. पण माणसाचे अंग आणि बंदूक ह्यांची गाठ पडते ती दस्त्यापाशी. खांदा, गाल, डोळा आणि चापावरचे बोट ह्या चौघांना एकमेकांशी जुळवून घेणे हे त्याचे काम. दस्ता लांब झाला तर हात ताणला जातो, बोट चापावर नीट पोचत नाही आणि बंदूक खांद्याला लावताना तो कपड्यात अडकतो. आखूड झाला तर मूठ तोंडाजवळ येते आणि बार उडताच अंगठा नाकावर आपटतो. गालाला टेक मिळाली नाही तर मान अधांतरी राहते, डोळा माशीच्या रेषेतून ढळतो आणि नेम चुकतो. फरक असतो अर्ध्या-पाऊण इंचाचा. पण बंदुकीपाशी जे अर्धा इंच असते ते शंभर पावलांवर हातभर होऊन बसते.

मग सहजच प्रश्न येतो: दस्ता एका मापाचा, कायम बसवलेला असावा, की ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे कमी-जास्त करता यावा असा असावा? आज लष्करात आणि नेमबाजीच्या मैदानावर हा प्रश्न विचारतात तेव्हा तो नव्या यंत्रयुगाचा वाटतो. पण तो तसा नाही. हत्याराने माणसासारखे व्हावे की माणसाने हत्यारासारखे, हा तो जुनाच वाद आहे.

आमच्या बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी आर्यांमध्ये सारे महाभारत रचले. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेला हा पंडितकवी १७९४ मध्ये बारामतीतच निवर्तला. त्यांच्या भारतातील द्रौपदीस्वयंवराचा प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मंडपात धनुष्य एकच. राजे एकामागून एक पुढे येतात, कुणाला ते वाकत नाही, कुणाला पेलत नाही. पण धनुष्य जरा हलके करा, असे एकही राजा म्हणत नाही. तिथे धनुष्य ही माणसाची कसोटी आहे. त्याचे माप बदलायचे नाही, त्या मापाचा पुरुष शोधायचा. काव्यातला न्याय असा असतो, आणि काव्यात तो शोभतोही.

शेतात मात्र हा न्याय चालत नाही. कुऱ्हाडीचा दांडा, खुरप्याची मूठ, नांगराचे रुमणे ही माणसाच्या हाताला जुळवून घ्यावी लागतात. उंच गड्याला आखूड रुमणे दिले तर दिवस मावळायच्या आत त्याची कंबर मोडते. गावचा सुतार बलुत्यावर काम करी तेव्हा त्याच्यापाशी मापाची पट्टी असो नसो, समोरच्या माणसाचा हात त्याच्या नजरेत असे. एकदा बसवलेला दांडा पक्का. पण बसवण्याआधी माप घेतलेले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या हकीकतीची किल्ली तिच्यात आहे.

*

शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर, बारामती हा मुलूख होता. भीमेच्या आणि नीरेच्या मधला हा सपाट, माळरानाचा प्रदेश. त्याला भीमथडी म्हणत, आणि तो घोड्यांसाठी प्रसिद्ध होता. भीमथडीचे तट्टू दिसायला लहान, पण काटक. मराठ्यांच्या फौजेचा दबदबा मुख्यतः अशा घोड्यांच्या पाठीवर उभा होता, आणि घोडेस्वाराची खरी हत्यारे म्हणजे भाला नि तलवार. तोड्याची बंदूक त्याला फारशी सोयीची नव्हती. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानावर रंजक टाकायचे आणि जळता तोडा सांभाळायचा. हा सगळा खटाटोप धावत्या घोड्यावर व्हावा कसा? म्हणून बंदूक आली ती पायदळाच्या हातात आणि गडकोटांच्या तटावर. कोकणातले हेटकरी त्या कामी नावाजलेले होते.

ह्या देशी बंदुकीचा दस्ता सडपातळ आणि सरळ असे. विलायती बंदुकीप्रमाणे तो मागे रुंद होत खाली झुकलेला नसे. नळी लांब आणि वजनदार असल्यामुळे तटाच्या जंगीत, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकात, ती टेकवली की निम्मा भार भिंतच उचली. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांचा बुरुजांचा वाडा आजही आहे. असल्या वाड्यांच्या आणि गढ्यांच्या तटाआड उभे राहून पाहिले म्हणजे सरळ दस्त्याचे मर्म कळते. बंदूक जिथून उडवायची त्या जागेला तो दस्ता शोभत होता.

पण त्याहूनही एक महत्त्वाची गोष्ट होती. मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे: शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचे घोडे आणि हत्यार स्वतःचे. बारगिराला ते सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आपल्या मांडीखालचा म्हणून निवडी, रिकिबीचा पट्टा आपल्या पायाच्या लांबीचा करून घेई, तलवारीची मूठ आपल्या पंजाला बसते की नाही ते पाहून घेई. बारगीर जे पागेतून येईल ते घेई. दोघेही शूर, पण एकाचे हत्यार त्याच्या मापाचे आणि दुसऱ्याचे कुणाच्याही मापाचे. आणि कुणाच्याही मापाचे म्हणजे पुष्कळदा कुणाच्याच मापाचे नव्हे!

मला वाटते, कायम दस्ता आणि फिरता दस्ता ह्यांच्यातला आजचा वाद समजून घ्यायला शिलेदार आणि बारगीर ह्यांच्याइतके चांगले शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत मिळायचे नाहीत.

*

अठराव्या शतकाच्या मध्यावर युद्धाची तऱ्हाच पालटली. फ्रेंचांच्या कवायती पलटणी पाहून आपल्याकडे गारदी आले. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी चकमकीच्या बंदुका घेऊन लढल्या. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन ह्या फिरंगी सरदाराकडून आपले कवायती कंपू तयार करवले. कवायतीच्या लढाईत एकेकट्याच्या नेमाला किंमत नव्हती. शेकडो लोकांनी ओळीत उभे राहून हुकुमासरशी एकदम बार काढायचा आणि पुन्हा एकदम ठासायचे. तिथे बंदुका सगळ्या सारख्या हव्यात, दस्ते सारखे हवेत, आणि जमले तर माणसेही सारखीच हवीत.

कंपनी सरकारने हीच गोष्ट पराकोटीला नेली. हिंदुस्थानातील पलटणींसाठी तिने जो नमुना ठरवला, त्याची नळी एकोणचाळीस इंचांची आणि वजन साडेचार किलोच्या आसपास. पुढे १७९७ मध्ये खुद्द इंग्लंडच्या फौजेनेही स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून तोच ‘इंडिया पॅटर्न’ उचलला. दस्त्याला आता झोक आला, मागे रुंद पितळी पट्टी आली, खांद्याला तो चांगला बसू लागला. पण बसू लागला तो कारखानदाराने मनात धरलेल्या एका माणसाच्या खांद्याला. तो माणूस साडेपाच फुटांचा होता की सहा फुटांचा, कुणास ठाऊक! बाकीच्यांनी त्याच्यासारखे व्हायचे. घोडा, हत्यार, जमीन, सगळ्याच बाबतीत मुलूख आता बारगीर झाला होता.

१८५७ नंतर ह्यात आणखी एक पीळ पडला. एनफील्ड रायफलीच्या काडतुसांवरून भडका उडाला होता. तो विझवल्यावर सरकारने हिंदी शिपायांच्या हातातून नव्या रायफली काढून घेतल्या आणि त्यांना आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. लांबून नेम साधणे त्यांनी मुळी कठीणच करून ठेवले. त्यानंतर कित्येक वर्षे गोऱ्या पलटणीला नवे हत्यार मिळाले की तिचे जुने हत्यार काळ्या पलटणीकडे यायचे. घरात थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो तसे हे चाले. फरक एवढाच की थोरल्याच्या सदऱ्यात माया असते.

*

मापाचा विचार बंदुकीत शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एकेका शिपायाचा नेम आता मोलाचा झाला होता, कारण रायफल दूरवर आणि अचूक जात होती. १८७१ मध्ये इंग्रजी फौजेने घेतलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीला दोन मापांचे दस्ते निघाले, एक लांब आणि एक आखूड. तिच्यामागून आलेल्या ली-एनफील्डने तर ही विद्या पूर्णत्वाला नेली. आपल्याकडे जिला नुसती ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात तीच ही. पोलीस चौकीच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या हाती ती कित्येकांनी पाहिली असेल.

ह्या रायफलीचा मागचा दस्ता पुढच्या लाकडापासून अलग असतो. दस्त्याच्या आरपार एक लांब भोक, त्यात एक लांब बोल्ट, आणि तो फिरवायला तसाच लांब पेचकस. मागच्या पट्टीतले लहानसे झाकण उघडले की आत तेलाची पितळी कुपी आणि नळी साफ करायची दोरी. ती काढली की बोल्टाला हात घालता येतो. ह्या दस्त्यांची मापे चार ठरवलेली होती. एक नेहमीचे, त्याहून अर्धा इंच मोठे ते लांब, अर्धा इंच लहान ते आखूड, आणि एक इंच लहान ते ‘बॅन्टम’. नेहमीच्या मापाखेरीज इतरांवर त्या त्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर ठोकलेले असे. बॅन्टम ही कोंबड्याची एक ठेंगणी, पण भारी भांडखोर जात. १९१४ मध्ये लष्करी उंचीत न बसणाऱ्या लोकांच्या वेगळ्या पलटणी विलायतेत उभारल्या, तेव्हा त्यांना हे नाव दिले गेले, आणि आखूडात आखूड दस्ताही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

ह्या युक्तीतली खुबी वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. हा दस्ता फिरता नव्हे. एकदा बोल्ट आवळला की तो खडकासारखा पक्का. पण आवळण्याआधी माणसाचे माप पाहायची सोय आहे. आमच्या गावच्या सुताराचेच तत्त्व हे! दस्ता कोपराच्या आतल्या घडीत टेकवायचा आणि बोट चापापर्यंत सहज पोचते का ते पाहायचे, ही जुनी ढोबळ परीक्षा. बोट पोचले नाही तर आखूड दस्ता; बोट पुढे गेले तर लांब. मात्र एक गोष्ट विसरू नये. तो लांब पेचकस शिपायाच्या खिशात नव्हता. तो पलटणीच्या हत्यारखान्यातल्या मिस्त्रीकडे होता. माप शिपायाचे, पण किल्ली सरकारची.

पक्क्या दस्त्याचे दुसरेही गुण होते. संगिनीच्या लढाईत गोळी संपली की रायफलीचा सोटा होतो, आणि तिथे दस्त्याचा तडाखा भाल्याच्या टोकाइतकाच कामी येतो. त्याला सांधे नाहीत, खिळखिळे होणारे स्क्रू नाहीत, चिखलात अडकणारी खाच नाही. उलट दोष लाकडाचा. बंगालमधल्या इच्छापूरला १९०४ मध्ये रायफलीचा सरकारी कारखाना निघाला. तिथल्या रायफलींच्या पुढच्या लाकडात पुढे एक आडवा स्क्रू घालू लागले, कारण इथल्या उन्हाने आणि दमट हवेने लाकूड फाटे. विलायती नमुन्याला इथल्या हवेचेही माप घ्यावे लागले ते असे.

पहिल्या महायुद्धात ‘पुणे डिव्हिजन’ ह्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या डिसेंबरात कुत-अल-अमारा येथे ती वेढ्यात सापडली, आणि पावणेपाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून तोफा आणि हत्यारे आधी मोडून टाकण्यात आली. ज्याला हत्यार स्वच्छ ठेवणे हाच धर्म म्हणून शिकवले त्याच्यावर ते स्वतःच्या हाताने मोडायची पाळी आली! महाराष्ट्रातल्या अनेक गावांत त्या युद्धाची लहानशी संगमरवरी पाटी अजून दिसते. ह्या गावातून इतके लोक युद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच तिच्यावर असते. नुसते आकडे, नावे नाहीत. दस्ता चार मापांचा निघाला, पण बारगीर तो बारगीरच राहिला.

*

आता दस्त्याच्या दुसऱ्या शाखेकडे वळू. दस्ता आखूड-लांब करणे एक आणि दस्ता दुमडणे किंवा काढून ठेवणे दुसरे. पहिले अंगासाठी, दुसरे जागेसाठी. बाजारात आज दोहोंना एकाच नावाने विकतात, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो.

जागेसाठीच्या दस्त्याचा आपल्या देशातला एक दाखला इतिहासप्रसिद्ध आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि शेहेचाळीस हजार काडतुसे पळवली. ह्या पिस्तुलाची लाकडी पेटी मोठी चलाख होती. पिस्तूल बाहेर काढून तीच पेटी त्याच्या मुठीला मागून जोडली की तिचाच दस्ता होई आणि पिस्तूल रायफलीसारखे खांद्याला लावून उडवता येई. १९१८ च्या रौलट कमिटीच्या अहवालाने ह्या गोष्टीची मुद्दाम दखल घेतली. लाकडाच्या एका पेटीने साम्राज्याची झोप उडवावी, ही दस्त्याची केवढी थोरवी!

दुसऱ्या महायुद्धात विमानातून उड्या टाकणारे सैनिक आले आणि दुमडता दस्ता ही निकडीची गोष्ट झाली. छत्री, पाठीवरचे सामान आणि विमानाचे अरुंद दार ह्यांत लांब रायफल आडवी येते. अमेरिकेने १९४२ मध्ये ह्याच कामासाठी आपल्या कार्बाइनीला तारेचा दुमडता दस्ता लावला. आपल्याकडे कानपूरला तयार होणाऱ्या नऊ मिलिमीटरच्या कार्बाइनीचा लोखंडी दस्ताही असाच नळीखाली दुमडून जातो. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक जुनी बटालियन पॅराशूट रेजिमेंटात दुसरी बटालियन होऊन गेली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाच्या युद्धात टांगाईलवर उतरली ती हीच. ज्याला आभाळातून उतरायचे आहे त्याने दस्त्याचा लहानपणा पाहिला तर त्यात नवल ते काय?

पुण्याशी तर ह्या गोष्टीचा फार जवळचा संबंध आहे. स्वतंत्र भारताने स्वतःची म्हणून जी रायफल घडवली, ती ‘इन्सास’, तिचा आराखडा पुण्यातल्या पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत तयार झाला. ती १९९८ च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात दिसली आणि दुसऱ्याच वर्षी कारगिलच्या डोंगरांत लढली. तिच्यात दोन्ही प्रकार होते: एक कायम दस्त्याचा आणि एक दुमडत्या दस्त्याचा. अंगासाठी कमी-जास्त होणारा दस्ता मोठ्या संख्येने येत आहे तो आता, अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा येथे बनणाऱ्या एके-२०३ बरोबर. त्या रायफलीचा दस्ता दुमडतोही आणि लांब-आखूडही होतो.

त्याची गरज का पडावी, ते साधे आहे. राजस्थानच्या वाळूत जवानाच्या अंगावर एक सदरा असतो. लडाखात त्याच जवानाच्या अंगावर बोटबोट जाडीचा कोट. सदऱ्यावर बरोबर बसणारा दस्ता कोटावर इंचभर लांब होतो. छातीवर चिलखत चढवले की आणखी लांब. माणूस तोच, पण त्याचे माप सकाळ-संध्याकाळ बदलते. तिथे गावच्या सुताराचे तत्त्व अपुरे पडते. एकदा घेतलेले माप जन्मभर पुरत नाही.

*

फिरत्या दस्त्याची खरी करामत पाहायची असेल तर नेमबाजीच्या मैदानावर जावे. पन्नास मीटरच्या थ्री-पोझिशन स्पर्धेत एकाच रायफलीने गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. ह्या तीन आसनांत माणसाची मान, खांदा, कोपर ह्यांची जुळणी तीन प्रकारची. म्हणून ह्या रायफलीच्या दस्त्यात गालाखालची पट्टी वर-खाली होते, मागची खांद्यापट्टी पुढे-मागे सरते, तिरपी होते आणि काखेखालून जाणारा एक आकडाही तिला असतो. अंतिम फेरीत एका आसनातून दुसऱ्यात जायला मिळतात मोजकी मिनिटे. तेवढ्यात किल्ल्या फिरवून सगळी मापे बदलायची. नेम धरायचा तो पन्नास मीटरवरच्या १०.४ मिलिमीटरच्या वर्तुळावर, म्हणजे आपल्या शर्टाच्या गुंडीएवढ्यावर!

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिम्पिकात ह्याच प्रकारात स्वप्नील कुसाळे ह्या मराठी तरुणाने कांस्यपदक मिळवले. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा आणि तेव्हा पुण्यात रेल्वेचा तिकीट तपासनीस. गुडघ्यावरच्या आणि पालथ्या फेऱ्यांनंतर तो पहिल्या तिघांत नव्हता. वर चढला तो उभ्याने, जिथे जमिनीचा आधार सर्वांत कमी आणि हत्याराची अंगाशी जुळणी सर्वांत महत्त्वाची. महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकात वैयक्तिक पदक मिळाले ते बहात्तर वर्षांनी. आधीचे पदक होते १९५२ मधले, हेलसिंकीचे, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे. आणि खाशाबा ज्या वजनगटात लढले त्याचे नाव काय होते? बॅन्टम! त्याच ठेंगण्या कोंबड्याचे नाव. कुस्तीने मापाची गोष्ट बंदुकीच्या आधी ओळखली होती. लहान चणीच्या मल्लाला लहान चणीचाच जोड द्यायचा, मग त्याचे कसब पाहायचे. जोड मापाची दिली नाही तर कसब दिसतच नाही.

फिरता दस्ता म्हणजे सगळे आलबेल असे मात्र कुणी समजू नये. जितके स्क्रू तितक्या चिंता. एक जरी सैल राहिला तर गालाखालची पट्टी केसभर हलते आणि तेवढ्यावर पदक जाते. म्हणून जाणते नेमबाज आपली मापे वहीत टिपून ठेवतात, दस्त्यावर खुणा करतात आणि एकदा जमलेले माप उगाच बदलत नाहीत. नवशिका नेमका उलटे करतो. गोळी डावीकडे गेली की फिरव किल्ली, वर गेली की फिरव किल्ली. मग चूक अंगाची की दस्त्याची, हे त्याला कधी कळतच नाही. शिवाय पैसा. अशी परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. ह्याउलट एन.सी.सी.ची पॉइंट टू-टू रायफल: साधी, लाकडी, कायम दस्त्याची. तिच्यावर कित्येक पिढ्यांनी पहिला नेम धरला. दहा मीटरच्या एअर रायफलीत नाव काढणाऱ्या अंजली भागवतांचा बंदुकीशी परिचय एन.सी.सी.तूनच झाला. पहिली शिस्त साध्या हत्यारावर येते, हे खोटे नाही.

*

येथवर आल्यावर वाचक विचारतील, मग घ्यावा कोणता? उत्तर द्यायला मी इंदापूरचीच एक जुनी गोष्ट सांगतो. तिच्यात बंदूक नाही, पण दस्त्याचा न्याय पुरा आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ह्या भागात जमिनीची मोजणी सुरू केली. प्रिंगल नावाच्या साहेबाने १८२७ पासून हे काम केले आणि विलायती अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशेबाने सारा बसवला: पिकातून खर्च वजा जाता जे उरेल त्याचे शेकडा पंचावन्न सरकारचे. हिशेब कागदावर बिनचूक होता, पण इंदापूरच्या मुरमाड जमिनीच्या आणि लहरी पावसाच्या मापाचा नव्हता. लोकांनी जमिनी टाकल्या, शिवारे ओसाड पडली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघा अंमलदारांनी इंदापुरातच नव्याने पाहणी केली, जमिनीचा मगदूर पाहून सारा कमी केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. शिवारे पुन्हा नांगराखाली आली. म्हणजे माप घेऊन बसवलेला पक्का दस्ताच तो! पण तीस वर्षे सरली, आणि १८६७ मध्ये सरकारने सारा फिरवला, तो वरच्या बाजूला. सावकारी पाशाच्या जोडीला हा वाढीव भार आला, आणि १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला आमच्या सुप्याच्या बाजारात दंग्याचा जो भडका उडाला त्याच्या कारणांत त्याचीही गणना झाली.

ह्यातून जे दिसते ते असे. प्रिंगलचा सारा आणि विंगेटचा सारा, दोन्ही कायम स्वरूपाचेच; पण एकाने मुलूख उजाड केला आणि दुसऱ्याने वसवला, कारण दुसऱ्याने आधी माप घेतले. आणि १८६७ चा सारा फिरता होता खरा, पण तो फिरवायची किल्ली कुणब्याच्या हाती नव्हती. दस्ता पक्का की फिरता, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की माप कुणाचे घेतले, आणि किल्ली कुणाच्या हाती आहे.

बंदुकीपुरते व्यवहारी उत्तर मग सोपे होते. एकच माणूस, एकच आसन, एकसारखा पोशाख असेल तर माप घेऊन बसवलेला पक्का दस्ता उत्तम. तो स्वस्त, मजबूत आणि बिनतक्रार. हवामान, पोशाख किंवा आसन बदलणार असेल, नाहीतर एकच रायफल अनेकांच्या हातांतून जाणार असेल, तर फिरता दस्ता हवा, आणि तो फिरवायचे शिक्षणही हवे. नुसते वाहून न्यायला सोपे म्हणून दुमडता दस्ता घेणाराने तो अंगाला बसेलच अशी आशा धरू नये.

शाळामास्तराच्या डोळ्यांपुढे शेवटी मुलेच येतात. सध्या तालुक्या-तालुक्याच्या गावी मुले-मुली नेमबाजीकडे वळू लागली आहेत, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे मुली पुष्कळ आहेत. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत त्यांना ठाऊक आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या पोरीला क्लबातली मोठ्या माणसाच्या मापाची रायफल देतात. तिचा हात पुरत नाही, ती पाठ मागे वाकवते, मान तिरपी करते, गोळ्या सैरावैरा जातात, आणि मग कुणीतरी म्हणतो, हिच्यात ते कसब नाही. वर्गातल्या बाकांचेही तेच. तिसरीच्या पोरांना सातवीचे बाक दिले की पाय लोंबतात, अक्षर वाकडे येते आणि छडी मात्र अक्षराला बसते.

अशा क्लबाला लाखाची रायफल कुणी आज आणून देणार नाही. पण दस्त्याच्या मागच्या पट्टीमागे घालायच्या चार पातळ चकत्या, गालाखाली बांधायचा एक दाट गादीचा तुकडा आणि थोडा कापलेला एखादा जुना दस्ता, एवढ्याने पुष्कळ भागते. गावात अजून सुतार आहेत, आणि माणसाचा हात पाहून लाकूड कापायची नजर त्यांच्यापाशी आहे. पोरीला आधी उभे करावे, दस्ता तिच्या कोपराच्या घडीत टेकवावा, बोट चापाला कुठे पोचते ते पाहावे आणि मगच लक्ष्याकडे बोट दाखवावे.